मनस्ताप आणि स्त्रियांचें आरोग्य : पुण्याच्या इतिहासांतील कांहीं प्रसंग

मराठी भाषेंत ‘धसका घेणें’, ‘हाय खाणें’, ‘जिवाला घोर लागणें’ असे जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांच्या पोटीं पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव सांठलेला आहे. सासरच्या धाकानें नव्या सुनेची पाळी दोन दोन महिने लांबते, वाईट वार्ता कानीं आली म्हणजे बाळंतिणीचें दूध आटतें, सतत काळजींत असलेल्या बाईचें अंगावर जाणें थांबतां थांबत नाहीं, असें माजघरांतील वडीलधाऱ्या बायका एकमेकींना सांगत आल्या. परंतु माजघरांतलें हें ज्ञान ओसरीवर कधीं आलें नाहीं. ज्या दुखण्याचें नांव चारचौघांत घ्यावयाचें नाहीं, तें दुखणें वैद्याला तरी कसें सांगावें? आणि वैद्याला सांगतां येत नाहीं म्हणून जी चिंता वाटावयाची, ती पुन्हां त्याच दुखण्यांत भर घालावयाची. पुण्याच्या सामाजिक इतिहासांत हें चक्र अनेक वेळां दिसून येतें, आणि तें भेदण्याचे जे प्रयत्न याच शहरांत झाले, त्यांची हकीकत आजहि बोधप्रद आहे.

मनाचा आणि स्त्रीच्या शरीराचा संबंध प्राचीनांना ठाऊक नव्हता असें नाहीं. गर्भधारणेस साहाय्य करणाऱ्या गोष्टींत मनाची प्रसन्नता ही श्रेष्ठ होय, असें चरकसंहितेंत स्पष्ट म्हटलें आहे. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळें स्तन्य नाहींसें होतें, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. परंतु ग्रंथांतील वचन एक आणि लोकांतील व्यवहार दुसरा. ज्या पेठांत या ग्रंथांचें पठन होत असे, त्याच पेठांतील बालविधवांच्या वाट्याला मनाची प्रसन्नता कितपत येत होती, हें पाहावयाचें असेल तर १८६३ सालाकडे वळलें पाहिजे.

त्या वर्षीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या पुण्यांतील घरीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. अडचणींत सांपडलेल्या विधवेनें येथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें. मूल न्यावें किंवा येथेंच ठेवावें, हें तिच्या इच्छेवर राहील, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनीं शहरांत लावल्या होत्या. आलेल्या स्त्रियांची शुश्रूषा सावित्रीबाई स्वतः करीत. अशाच एका विधवेचा मुलगा या दांपत्यानें दत्तक घेतला. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत होय. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करीत असतां सावित्रीबाईंना प्लेग झाला व १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर काम करीत होता तो हाच मुलगा.

या गृहाविषयींची जी माहिती स्वतः जोतीरावांनीं लिहून ठेविली आहे, ती वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो. बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह आणि सक्तीचें वैधव्य यांविषयीं जीं टिपणें प्रसिद्ध केलीं, त्यांवर अभिप्राय देतांना ४ डिसेंबर १८८४ रोजीं जोतीरावांनीं नमूद केलें कीं, तोंवर या घरीं ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं ५ जिवंत आहेत आणि ३० दगावलीं. दगावण्याचें कारणहि त्यांनीं दिलें आहे. गरोदरपण लपविण्यासाठीं त्या मातांनीं अगोदर विषारी औषधें घेतलीं असावींत, व त्यांचा घात उदरांतील अर्भकांना भोंवला. हे आंकडे मुलांचे आहेत. परंतु जें विष अर्भकाला मारतें, तें आईच्या गर्भाशयाला, तिच्या रक्ताला आणि तिच्या पुढील सर्व आयुष्याला सोडून देत नाहीं. या स्त्रियांना आश्रयाचें ठिकाण मिळालें, परंतु तें बहुतेकींना उशिरां मिळालें. दार उघडें होतें, तरी दारापर्यंत येण्यापूर्वीं भीतीनें आणि लाजेनें आपलें काम करून ठेविलें होतें. मनस्तापानें शरीराची हानि कशी होते, याचें याहून उघड उदाहरण सांपडणें कठीण. येथें मनाचा क्लेश प्रथम हाताला वाईट औषधाकडे नेतो, आणि मग तें औषध देहाचा नाश करतें.

दुसरी हकीकत पुण्यांत जन्मलेल्या व पुण्यांतच देह ठेवलेल्या एका स्त्रीची आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें आणि चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. या आघातानंतर वैद्यक शिकण्याचा विचार त्यांच्या मनांत दृढ झाला. परदेशीं जाण्यापूर्वीं, २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं, बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें त्यांनीं आपल्या प्रवासाचा हेतु जाहीर सभेंत सांगितला. हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टरांची अत्यंत आवश्यकता आहे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. पुढें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मागतांना त्यांनीं पत्रांत लिहिलें कीं, आपल्या देशभगिनींना खऱ्या वैद्यकीय साहाय्याची नितांत गरज आहे, पण पुरुष वैद्याच्या हातून तें घेण्यापेक्षां त्या मरण पत्करतात.

या वाक्यांत अलंकार नाहीं. तें वस्तुस्थितीचें वर्णन आहे. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई पदवीधर झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकहि झाली. परंतु परदेशची थंडी, अपुरा आहार, अभ्यासाचे कष्ट आणि क्षयाची बाधा यांनीं त्यांचें शरीर पोखरलें होतें. कामावर रुजू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पूर्ण होण्याच्या आंत, पुण्यांत त्यांचा अंत झाला. ज्या स्त्रीपुढें पुण्यामुंबईच्या बायकांनीं निःसंकोच बोलावें, ती स्त्री बोलण्याची वेळ येण्यापूर्वींच गेली.

त्यानंतर चार वर्षांनीं संमतिवयाचें प्रकरण उपस्थित झालें. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी दासी नांवाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतिसमागमाच्या इजेनें मरण पावली. हिंदुस्थानांतील पन्नासांहून अधिक स्त्री-डॉक्टरांनीं आपल्या पाहण्यांतील अशा मुलींच्या दुखापतींची यादी करून सरकारकडे अर्ज केला. मार्च १८९१ मध्यें कायदा होऊन संमतीची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. या कायद्यावरून पुणें शहर दुभंगलें होतें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे कायद्याच्या बाजूनें, तर परक्या सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये असें म्हणणारे लोकमान्य टिळक विरुद्ध बाजूनें उभे होते. दोन्हीं पक्षांनीं शास्त्रवचनांचा कीस काढला. त्या साऱ्या वादांत जिच्या देहाचा प्रश्न होता तिचें मन काय म्हणतें, रात्रीच्या भीतीनें तिची झोंप, भूक आणि ऋतु यांवर काय परिणाम होतो, हा मुद्दा क्वचितच कोणी पुढें आणला. डॉक्टरणींच्या यादींत जखमा होत्या. भीतीची नोंद करण्याचें शास्त्र तेव्हां अजून जन्माला यावयाचें होतें.

तें शास्त्र विसाव्या शतकांत तयार झालें. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं भय, क्रोध, भूक व वेदना यांच्या वेळीं शरीरांत होणाऱ्या फेरफारांवर ग्रंथ लिहिला. १९३६ सालीं माँट्रिअल येथील हान्स सेल्ये यांनीं दाखविलें कीं, थंडी असो, इजा असो वा विष असो, कोणत्याहि संकटास प्राण्याचें शरीर एका ठराविक प्रकारें उत्तर देतें. यांतूनच ‘ताण’ हा शब्द वैद्यकांत रूढ झाला. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथि या वेळीं कॉर्टिसॉल व ॲड्रिनॅलिन हे रस रक्तांत सोडतात. संकट क्षणाचें असेल तर या रसांचा उपयोग होतो. तें महिनोन् महिने टिकलें तर त्यांचाच उपद्रव होऊं लागतो.

स्त्रीच्या ऋतुचक्राशीं याचा संबंध कसा येतो, हेंहि आतां उलगडलें आहे. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. तो ठराविक अंतरानें एका रसाचे झटके खालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडे धाडतो. पिट्यूटरी आपले रस अंडाशयाकडे पाठविते, आणि मग बीज पक्व होऊन मासिक पाळीचा क्रम चालतो. हायपोथॅलॅमसमधील या रसाची रचना १९७१ सालीं निश्चित झाली, आणि हायपोथॅलॅमसच्या रसांवरील संशोधनाबद्दल गिलेमिन व शॅली या दोघां शास्त्रज्ञांना १९७७ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. दीर्घकाल चिंता, अतिश्रम किंवा उपासमार असली कीं हे झटके मंदावतात. घड्याळाची चावीच सैल पडल्यावर कांटे कसे चालावयाचे? बीज पक्व होत नाहीं, पाळी लांबते, कधीं महिनोन् महिने बंद पडते. जणूं शरीर असें ठरवितें कीं, हा काळ गर्भ वाढविण्याचा नव्हे.

महायुद्धांत याचा पुरावा मोठ्या प्रमाणावर मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत फिलिपाइन्समधील मॅनिला शहर जपान्यांच्या हातीं गेल्यावर तेथील परदेशीय स्त्रियांना छावणींत कोंडण्यांत आलें. त्यांच्यापैकीं अनेकींची पाळी थांबल्याचें तेथील डॉक्टरांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, अन्नाचा तुटवडा अंगीं लागण्यापूर्वींच, बंदिवासाच्या आरंभीं, ती थांबली होती. भीतीचा परिणाम भुकेच्या अगोदर दिसला. पुण्याच्या वाड्यांतील नव्या सुनेविषयीं वडीलधाऱ्या बायका जें सांगत, तेंच मॅनिलाच्या छावणींत सिद्ध झालें.

दुधाचीहि तीच गोष्ट. गाय ‘पान्हा चोरते’, हें प्रत्येक गवळ्याला ठाऊक असतें. अनोळखी हात लागला किंवा वासरूं दृष्टीआड झालें म्हणजे सडांत दूध असूनहि तें उतरत नाहीं. १९४८ सालीं अमेरिकेंतील न्यूटन दांपत्यानें हेंच मातेच्या बाबतींत प्रयोगानें दाखविलें. बाळ अंगावर पीत असतां आईला वेदना किंवा व्यत्यय झाला कीं बाळाला मिळणारें दूध कमी होई. आणि पान्हा फोडणारा ऑक्सिटोसिन हा पिट्यूटरीचा रस सुईनें टोंचला कीं तें पुन्हां वाढे. दूध तयार होतें, परंतु भीतीनें वाट अडते. ‘पान्हा फुटणें’ आणि ‘दूध असणें’ यांत मराठीनें जो भेद केला आहे, तो शास्त्राच्या दृष्टीनेंहि अचूक आहे. याशिवाय भीति किंवा जुना आघात मनांत असला म्हणजे कटिभागांतील स्नायु आपोआप आंखडतात व दांपत्यजीवन वेदनामय होतें. त्यांत त्या स्त्रीचा हट्ट किंवा दोष नसतो.

तथापि येथें एक सावधगिरी राखिली पाहिजे. मनाचा परिणाम शरीरावर होतो हें खरें. म्हणून स्त्रीचें प्रत्येक दुखणें ‘मनाचेंच’ आहे असें म्हणणें खरें नव्हे. प्राचीन ग्रीकांनीं स्त्रियांच्या अनेक विकारांचें खापर गर्भाशयावर फोडलें, आणि ‘हिस्टेरिया’ हें नांव गर्भाशयवाचक ग्रीक शब्दावरूनच पडलें. पुढें एकोणिसाव्या शतकांतल्या युरोपीय डॉक्टरांनीं हें नांव इतक्या सढळ हातानें वापरलें कीं, खऱ्या वेदनेची तक्रारहि नाटक ठरूं लागली. पाळी थांबण्यामागें गरोदरपण असूं शकतें, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड असूं शकतो, अंडाशयाचा विकार असूं शकतो. आपल्या देशांत गर्भाशयाचा क्षय हेंहि एक कारण आहे. अंगावर फार जाण्यामागें गांठ असूं शकते, आणि त्यानें रक्त कमी होऊन जो थकवा येतो तो पाहून लोक तिला चिंतातुर म्हणतात. तेव्हां तपासणी आधीं, आणि मनस्तापाचें निदान नंतर, हाच योग्य क्रम होय. ‘उगीच काळजी करतेस’ असें सांगून स्त्रीला परत पाठविणें हा उपचार नव्हे; तो जुन्याच मौनाचा नवा प्रकार आहे.

हें मौन मोडण्याचें काम पुण्यांत औषधांच्या आधीं संस्थांनीं केलें. १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, व १९०० सालीं तो आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. तेथें विधवांना शिक्षण मिळालें, हें सर्वश्रुत आहे. परंतु समदुःखी मैत्रिणींच्या सहवासांत रात्रीं निर्भय झोंप मिळाली, हाहि आरोग्याचाच लाभ होता. २ ऑक्टोबर १९०९ रोजीं पुण्यांत सेवासदन सुरू झालें. रमाबाई रानडे त्याच्या प्रमुख होत्या. थोड्याच वर्षांत सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचारिकेचें व सुईणीचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. जिला शुभकार्यांत पुढें येऊं देत नसत, तीच बाई आतां दुसऱ्या बाईच्या खाटेपाशीं उभी राहून तिचें नवजात मूल हातीं घेऊं लागली. आणि जी रोगी बाई डॉक्टरसाहेबांपुढें मान खालीं घालून बसे, ती या लुगड्यांतल्या परिचारिकेच्या कानांत चार शब्द सांगूं लागली. रास्ता पेठेंत १९१२ सालीं प्रसूतिगृह म्हणून आरंभ झालेलें के. ई. एम. रुग्णालय हें याच मार्गावरचें पुढचें पाऊल होय.

लेखणीनेंहि या कामास हात लाविला. कर्व्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. वाचकांच्या खाजगी शंकांना त्यांत उघड उत्तरें दिलीं जात. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीहि दंड झालाच. १९३३ सालीं ‘विभावरी शिरूरकर’ या नांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनाची घुसमट लोकांपुढें मांडल्याबद्दल गदारोळ उठला. लेखिकेला आपलें खरें नांव झांकावें लागलें, यावरूनच तो विषय किती अवघड होता हें कळतें. १९३८ पासून रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनीं पुण्यांत संततिनियमनाचें काम अंगावर घेतलें. उपहास आणि निंदा सोशीत त्यांनीं तें वर्षानुवर्षें चालविलें. दरसाल बाळंतपणाच्या भीतीनें खंगणाऱ्या बाईला साधन मिळालें म्हणजे तिच्या शरीराप्रमाणेंच मनावरचेंहि ओझें उतरतें, हा या कार्याचा कमी बोलला गेलेला भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर डॉक्टर बानू कोयाजी यांनीं के. ई. एम. रुग्णालयाची धुरा अनेक दशकें वाहिली. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें त्यांच्या रुग्णालयानें आरोग्यकार्य उभें केलें, आणि गांवच्याच मुलीबायकांना आरोग्यसेविकेचें शिक्षण दिलें. १९९३ सालीं त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७१ च्या कायद्यानें ठराविक परिस्थितींत डॉक्टरच्या हातून सुरक्षित गर्भपात करून घेण्यास मान्यता मिळाली. जोतीरावांनीं नोंदलेल्या त्या ३५ स्त्रियांना विषारी औषधाखेरीज दुसरा मार्ग दिसत नव्हता. आज कायद्यानें तो मार्ग दाखविला आहे. तरी लाजेनें चोरवाट धरणाऱ्या मुली अजूनहि आढळतात, कारण कायदा दार उघडूं शकतो, पण दारापर्यंत येण्याचें धैर्य घरांतूनच मिळावें लागतें.

आजच्या पुण्यांतील मुलीचा ताण वेगळा आहे. परीक्षा, नोकरी, रात्रपाळी, लांबलेलें लग्न, मूल होत नाहीं म्हणून होणारी विचारपूस, हीं त्याचीं नवीं रूपें होत. पण शरीराचें उत्तर जुनेंच आहे. पाळीचा क्रम तीन महिने बिघडला, अंगावर फार जाऊं लागलें, बाळंतपणानंतर पंधरवडा उलटला तरी मन उदास राहूं लागलें, तर डॉक्टरकडे जावें हें सांगण्यास विशेष विद्वत्ता लागत नाहीं. लागतें तें एवढेंच, कीं घरांतील आईनें, सासूनें किंवा नवऱ्यानें तिला तें लाजेविना बोलूं द्यावें, आणि बोलली तर हंसूं नये. दीडशे वर्षांपूर्वीं सावित्रीबाईंनीं अनोळखी बायकांसाठीं जें घर उघडलें, तेवढा विसांवा आपल्या माणसांसाठीं आपल्याच घरांत उघडणें कोणत्याहि कुटुंबास अशक्य नाहीं.